तीन कुलपांचं कपाट

१

सोमवारी सकाळी जमीन-नोंदणी कचेरीतलं लोखंडी कपाट उघडलं, तेव्हा एकशे चौदा नंबरची फाईल जागेवर नव्हती.

कपाटाला तीन कुलपं होती. कचेरीत कारकून तीन आणि प्रत्येकाकडे दोन-दोन कुलपांच्या किल्ल्या. म्हणजे एकट्याने कितीही खटपट केली तरी एक कुलूप उरायचंच; कोणतेही दोघे एकत्र आले की कपाट उघडायचं. ही अक्कल कचेरीचे साहेब मिस्टर हॅलोवेल यांची. जेरुसलेममध्ये मुसलमान कारकुनाची सुट्टी शुक्रवारी, ज्यू कारकुनाची शनिवारी, ख्रिस्ती कारकुनाची रविवारी. तेव्हा रोज कोणीतरी दोघे हजर असणार, काम अडणार नाही आणि दोन वेगळ्या धर्मांची माणसं संगनमताने चोरी करणार नाहीत. साहेबांना स्वतःच्या या शोधाचं भारी कौतुक होतं.

ते कौतुक सोमवारी सकाळी नऊला उतरलं. साडेनऊला त्यांनी मर्कादो पिझांतीला बोलावणं धाडलं.

मर्कादो पोलिसांतला नव्हता. तो कोर्टातला दुभाषा. वय अठ्ठावन्न. चारशे वर्षं याच शहरात राहिलेल्या ज्यू घराण्यातला. घरी तो जुनी स्पॅनिश बोले, बाजारात अरबी, प्रार्थनेला हिब्रू, कोर्टात इंग्रजी, आणि राग आला की तुर्की. लोक पोलिसाशी जे बोलत नाहीत ते त्याच्याशी बोलत, कारण समोरच्याचं बोलणं मध्ये न तोडता ऐकायची त्याला तीस वर्षांची सवय होती.

"पोलिसांना बोलावलं तर संध्याकाळपर्यंत शहरभर बोभाटा होईल," हॅलोवेल म्हणाले. "आणि परवा बुधवारी लंडनहून आलेलं चौकशी मंडळ इथे बसणार आहे. ती फाईल मला त्यांच्यापुढे ठेवायची होती."

"होतं काय तिच्यात?"

"एन अल-लोझ हे अरबांचं गाव आणि शेजारची शकेद ही ज्यूंची वसाहत. सन बावीसमध्ये त्यांनी झऱ्याच्या पाण्याचा करार केला. सरकारने सांगितलं नव्हतं, वकील नव्हता, आपणहून केला. वसाहतीने लिहून दिलं की झरा गावाचा आहे. गावाने लिहून दिलं की पाण्यात वसाहतीचा वाटा आहे. शुक्रवारी पाणी वसाहतीला, कारण गाव नमाजाला जातं. शनिवारी सगळं गावाला, कारण वसाहत त्या दिवशी हात हलवत नाही. खाली एकतीस माणसांच्या सह्या आणि अंगठे." साहेबांनी डोळे चोळले. "जिनिव्हाच्या राष्ट्रसंघाने हा मुलूख आमच्या हाती दिला तो एकाच कागदावर दोन वचनं लिहून. ज्यूंना मातृभूमी द्या आणि इथल्या लोकांचं काही बिघडू देऊ नका. सगळे म्हणतात हे जमणं शक्य नाही, देशाचे तुकडेच करा. माझ्याकडे जमल्याचा एक पुरावा होता, मिस्टर पिझांती. एकच."

अशा कागदाची मर्कादो स्वतःच कितीतरी वर्षं वाट बघत होता. लहानपणी ज्या अंगणात तो खेळला त्यात तीन घरं मुसलमानांची आणि दोन ज्यूंची होती. हे आता सांगितलं तर तरणी पोरं त्याला म्हातारचळ लागला म्हणत.

"संशय कोणावर?" त्याने विचारलं.

"गुरुवारी दुपारी फाईल मी डोळ्यांनी पाहिली. मधे शुक्रवार, शनिवार, रविवार. ज्यू कारकून पिन्हास आणि अरब कारकून रुश्दी दोन वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणजे रविवार सोडून द्या. उरले शुक्रवार आणि शनिवार. दोन्ही दिवशी हजर असलेला माणूस एकच, आर्मेनियन ख्रिस्ती गाराबेद. उद्या संध्याकाळपर्यंत तुम्हाला फाईल सापडली नाही, तर कोणाशी हातमिळवणी केली ते पोलीसच त्याच्याकडून काढतील."

२

गाराबेद खिडकीपाशी बसून पेन्सिलींना टोकं करत होता. टोकं झालेल्या पेन्सिली टेबलावर ओळीत, सगळ्या एका उंचीच्या. या माणसाला वाकडं काही बघवत नसे. भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं दिसलं तरी त्याचं जेवण अडे.

"मला धरणार आहेत ना, सिन्योर मर्कादो?"

"कोण म्हणालं?"

"कोणी कशाला म्हणायला हवं? हिशेब मलाही येतो." त्याने पेन्सिल खाली ठेवली. "माझं गाव तुर्कांनी पुसलं तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. चालत इथवर आलो. ज्यू म्हणतात देश आमचा, अरब म्हणतात आमचा. मी कधी काही म्हणालो? मला हे टेबल तेवढं पुरे होतं."

"शुक्रवारी, शनिवारी कपाट उघडलं होतं?"

"नाही. दोन्ही दिवस पाऊस, कोण येतंय? शुक्रवारी पिन्हास आपलं वाचत बसला होता. शनिवारी रुश्दी डोकं धरून बसला होता. मी विचारलं, काय होतंय? म्हणाला, दाढ दुखतेय. पण कॉफी मात्र कढत प्यायला." गाराबेदला एकदम आपण काय बोललो ते कळलं. "ते लिहून घेऊ नका हं. खरंच दुखत असेल दाढ."

घरात चार मुली आणि नोकरी जायची वेळ आलेली. तरी दुसऱ्यावर बोट दाखवताना याची जीभ अडखळत होती. माणूस एक तर फार पोचलेला असावा, नाहीतर फार भला. कोणता, हे उद्या संध्याकाळच्या आत ठरवायचं होतं.

३

रुश्दी हमूदा म्हणजे कचेरीचा रुबाब. डोक्यावर लाल तरबूश टोपी, मिशा तेल लावून वळवलेल्या, बोलण्यात आब.

"या, मर्कादो एफेंदी. तुम्हाला कामाला लावलं म्हणजे साहेबांची झोप उडालेली दिसते."

"तुमची शाबूत आहे?"

"माझी दोन वर्षांपूर्वीच उडाली. इंग्रजांविरुद्ध बंड सुरू झालं आणि चार वाजता घरी पोचलो नाही की बायको दारात येऊन उभी राहते." तो हसला, पण हसू मिशांच्या वर गेलं नाही.

"फाईल कोणी नेली असेल?"

"ज्यांना देश हवाय त्यांनी. झरा गावाचा आहे, हे ज्यूंनीच लिहून दिलेलं. ते मंडळापुढे आलं तर त्यांचीच पंचाईत."

"म्हणजे शुक्रवारी पिन्हासने नेली. गाराबेदच्या मदतीने."

"गाराबेद?" रुश्दीचा आवाज चढला. "त्याचं नाव कशाला घेता? तो माणूस दुधासारखा आहे. वल्ला, त्याला हात लावाल तर मी साक्षीला उभा राहीन."

"पिन्हासकडे किल्ल्या दोनच आहेत, एफेंदी. तिसरं कुलूप त्याने दातांनी उघडलं का?"

रुश्दीने खिशातून जपमाळ काढली आणि मणी ओढायला लागला. "ते शोधणं तुमचं काम," तो म्हणाला.

पिन्हास लिबरझोन पलीकडच्या खोलीत होता. ओडेसाहून आलेला, किडकिडीत, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. तीस वर्षांपूर्वी दलदल उपसायला म्हणून आला, हिवतापाने अर्धा झाला आणि मग लेखणी धरली.

"उघड आहे, मर्कादो," तो म्हणाला. "अरबांनी नेली. पाण्यात आमचा वाटा आहे हे त्यांच्याच अंगठ्यांनी सिद्ध होतं. त्यांच्या पुढाऱ्यांना ते कसं चालेल?"

"म्हणजे शनिवारी रुश्दीने नेली. गाराबेदच्या मदतीने."

"नाही, नाही." पिन्हासने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "गाराबेदला यातून वगळ. त्याला चार मुली आहेत."

"मुली असलेली माणसं चोरी करत नाहीत?"

"तो करत नाही. लिहून हवं असेल तर लिहून देतो."

मर्कादो जिना उतरला आणि खालच्या पायरीवर थांबला. दोघांनी एकमेकांच्या लोकांवर खापर फोडलं होतं, त्यात नवल नव्हतं. नवल पुढचंच होतं. रुश्दी निर्दोष असता तर गाराबेद गुंतलेला आहे हे त्याला मानावंच लागलं असतं. पिन्हासलाही तसंच. गाराबेदला धुतल्या तांदळासारखा ठरवायला दोघे एवढे उतावीळ का झाले होते? उत्तर अंगावर आलं तसं त्याने ते झटकून टाकलं. ते शक्यच नव्हतं. कचेरीत कोणालाही विचारा, ते दोघे एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत.

४

मंगळवारी सकाळी त्याने कपाट पुन्हा उघडायला लावलं. आदल्या दिवशी कपाट रुश्दी आणि पिन्हासने उघडलं होतं, गाराबेद जवळ आला नव्हता; दहा मिनिटं त्याने ती फळी निरखली होती आणि काही म्हणजे काही दिसलं नव्हतं. फायली नीट उभ्या, पाठीवर नंबर, मधे फटसुद्धा नाही.

आज किल्ल्या लावायला गाराबेद आणि पिन्हास होते. कुलपं उघडून पिन्हास लगेच निघून गेला. गाराबेद मात्र फळीकडे बघून एकदम कळवळला.

"अरे देवा! हे उलटं कोणी लावलं?"

"काय उलटं?"

"दिसत नाही तुम्हाला? शंभरपासून एकशे नऊपर्यंत सरळ, डावीकडून उजवीकडे, साहेबांच्या नियमाने. आणि पुढे बघा. एकशे अठरा, सतरा, सोळा, पंधरा, मग तेरा, बारा, अकरा, दहा. हा गठ्ठा उजवीकडून डावीकडे लावलाय!" त्याचे हात आपोआप पुढे झाले. मर्कादोने त्याचं मनगट धरलं.

"राहू दे, गाराबेद. हात लावू नकोस."

त्याचा स्वतःचा आवाज त्यालाच परका वाटला. काल आपल्याला हे का दिसलं नाही, ते त्याला आत्ता कळलं. त्याच्या डोळ्यांना ते उलटं वाटलंच नव्हतं. हिब्रू उजवीकडून वाचायची, अरबीही उजवीकडूनच. लहानपणी गुरुजींनी बोट धरून पहिलं अक्षर दाखवलं ते पानाच्या उजव्या कडेला. कचेरीत पंधरा वर्षं इंग्रजी नियम पाळला तरी घाईत आणि भीतीत हात लहानपणाकडे जातो. नऊ फायली बाहेर काढल्या, एक ठेवून घेतली, आठ परत लावल्या, उजवीकडून. लावणाऱ्याला चूक दिसली नाही आणि शेजारी उभा राहून दिवा धरणाऱ्यालाही दिसली नाही.

आर्मेनियन लिपी डावीकडून जाते. शुक्रवारी किंवा शनिवारी कपाट उघडलं असतं तर त्या दोघांत गाराबेद असायलाच हवा होता. आणि गाराबेद असता तर हा गठ्ठा असा एक क्षण राहिला नसता. चोरी करतानाही त्याने तो सरळ केला असता.

उरला रविवार. ज्यू आणि अरब, दोघे मिळून.

५

दुपारच्या जेवणाच्या वेळेला मर्कादोने दोघांना दप्तरखान्यात बोलावलं. कोपऱ्यात कोळशाची शेगडी होती, तिच्यावर गाराबेद कॉफी करत होता. रुश्दी एका खुर्चीत बसला, पिन्हास दुसऱ्या टोकाच्या. मधे सवयीप्रमाणे रिकामी खुर्ची.

"ते बोलत नसल्याचं नाटक आता बंद करा," मर्कादो म्हणाला. त्याने फळीचं सांगितलं, गाराबेदबद्दल दोघे काय बोलले तेही सांगितलं. "तुम्ही पकडले गेलात ते चोरीमुळे नाही. निरपराध माणसाला तुमच्या जागी जाऊ देववलं नाही, म्हणून."

गाराबेदची कॉफी शेगडीवर उतू गेली. तो उठला आणि दाराशी जाऊन, त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिला. कोणी येत असेल तर दिसावं म्हणून.

"नाटक नव्हतं," पिन्हास म्हणाला. "दोन वर्षं खरंच बोललो नव्हतो. माझ्या भाच्याला बसमध्ये गोळी लागली, याच्या चुलतभावाचं घर सोजिरांनी सुरुंगाने उडवलं. काय बोलणार? रविवारी सकाळी हा माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, पिन्हास, त्या कागदावर नावं आहेत."

"आणि हा म्हणाला, मी पण त्याच काळजीने झोपलो नाही," रुश्दी म्हणाला. "मर्कादो एफेंदी, बुधवारी तो कागद मोठ्याने वाचला जाणार. गुरुवारी वर्तमानपत्रांत छापून येणार. गेल्या महिन्यात शेजारच्या गावच्या प्रमुखाला बंडवाल्यांनी कॉफीखान्यात बसल्या जागी गोळी घातली, ठाऊक आहे ना? का, तर ज्यूंच्या एका कागदावर त्याचा अंगठा निघाला. इथे सतरा अंगठे आहेत. अबू फैयाद म्हातारा अजून जिवंत आहे, त्याची तीन मुलं त्याच गावात आहेत."

"आमच्यातही आता अशी पोरं निघालीत," पिन्हास हळूच म्हणाला. "झरा परक्याचा आहे असं लिहून देणाऱ्या म्हाताऱ्यांची दारं रात्री वाजवायला ती कमी करणार नाहीत."

"फाईल कुठे आहे?"

रुश्दीने कोटाच्या आतून घड्या घातलेले कागद काढले. ते हिब्रू होते. पिन्हासने सदऱ्यातून काढले ते अरबी. दोन दिवस फाईल याच कचेरीत, दोघांच्या छातीशी फिरत होती.

"हे अरबी अक्षर माझं," रुश्दी म्हणाला. "हिब्रू त्याचं. बावीस साली आम्ही दोघांनीच हा करार लिहिला, झऱ्याच्या काठावर, चटईवर बसून. आपलं लिहिलेलं आपल्याच्याने जाळवणार नाही, म्हणून अदलाबदल केली. पण त्याच्याने माझं जाळवेना आणि माझ्याने त्याचं."

मर्कादोने कागद हातात घेतले. अंगठ्यांचे निळे ठसे, त्यांच्या शेजारी बांधीव हिब्रू सह्या. एका ठिकाणी दोन नावं एकमेकांच्या इतकी जवळ आली होती की शाई एकमेकींत मिसळली होती. अबू फैयाद आणि एलिमेलेख, गावचा म्हातारा आणि वसाहतीचा म्हातारा.

"जाळू नका," तो म्हणाला. "मी तुमच्या पाया पडतो. उद्या सगळे म्हणतील की ही माणसं कधी एकत्र राहिलीच नव्हती. आपल्या पोरांना आपण काय दाखवणार? हा एकच कागद आहे. लपवून ठेवू. मी ठेवतो."

"तुमच्या घराची झडती झाली तर?" रुश्दीने विचारलं. "तुम्ही मेलात तर? तुम्हाला साक्षीदार हवाय, एफेंदी. मला माणसं हवीत. दोन्ही मिळत असती तर मी कशाला चोर झालो असतो?"

मर्कादोने कागद एकदा पूर्ण वाचले, सावकाश, अरबी आणि मग हिब्रू. मग शेगडीवरचं भांडं उतरवून ठेवलं. जे त्या दोघांच्याने झालं नव्हतं ते त्याने स्वतःच्या हाताने केलं. कागद जाड होता, पेटायला वेळ लागला. पिन्हास मधल्या रिकाम्या खुर्चीवर येऊन बसला.

६

"गाराबेद नाही," मर्कादोने संध्याकाळी साहेबांना सांगितलं. "चोर सापडले. फाईल राहिलेली नाही. नावं सांगणार नाही."

"गाराबेद नाही, तर मग शुक्रवार नाही, शनिवारही नाही." हॅलोवेल बोटांवर मोजत होते. मधेच त्यांचं बोट थांबलं. "पण हे अशक्य आहे. ते दोघे?"

साहेब उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा उजळला होता. "अहो, पण हेच तर मला मंडळाला दाखवायचं होतं! एक ज्यू, एक अरब, नोकरी पणाला लावून एकमेकांच्या माणसांना..."

"खरं आहे, साहेब. दाखवा. परवा दोघांच्या मयतीला मला येता येईल, तेवढं एक बरं."

हॅलोवेल हळूच खाली बसले. त्यांनी एक कोरा कागद समोर ओढला. मग त्यांनी लिहिलं, की एकशे चौदा नंबरची फाईल ओल लागून नष्ट झाली. वेगळ्या धर्मांची माणसं एकत्र येत नाहीत, हा त्यांचा विश्वास उडाला होता; कपाटाचं तिसरं कुलूप त्यांनी दुसऱ्या दिवशी काढून टाकायला लावलं.

७

बुधवारी मंडळ बसलं. तीन इंग्रज गृहस्थ, टेबलावर हिरवं कापड, मागे वर्तमानपत्रवाले. अबू फैयाद आणि एलिमेलेख यांना साहेबांनी फाईल जायच्या आधीच साक्षीला बोलावून ठेवलं होतं; ते आता रद्द होण्यासारखं नव्हतं. दुभाषा अर्थात मर्कादो.

आधी अबू फैयादला उभं केलं. काठीवर रेललेला, एका डोळ्यात फूल पडलेला. अध्यक्षांनी विचारलं, "शेजारच्या वसाहतीशी तुमच्या गावाचा कधी काही समझोता झाला होता का? तुम्ही आपणहून केलेला?"

मर्कादोने अरबीत विचारलं. म्हाताऱ्याने मान वळवून मागच्या बाकांकडे पाहिलं. तिथे तरणी माणसं बसली होती. मग त्याने पलीकडे बसलेल्या एलिमेलेखकडे क्षणभर पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"कधीच नाही," तो म्हणाला.

मर्कादोने ते इंग्रजीत सांगितलं.

एलिमेलेख उभा राहिला. तोच प्रश्न, आता हिब्रूत. त्याच्याही मागे तरणी माणसं होती. त्याने टोपी काढली, हातात फिरवली आणि पुन्हा घातली.

"कधीच नाही," तो म्हणाला.

तीस वर्षांत मर्कादोने कोणाच्या तोंडी पदरचा शब्द घातला नव्हता. आजही घातला नाही. फक्त इंग्रजी शब्द उच्चारताना त्याचा आवाज फाटला, तेव्हा अध्यक्षांनी त्याच्यासाठी पाणी मागवलं.

जबान्या टंकणारी बाई त्याच्याकडे वळली. "दोघांचं उत्तर एकच आहे. एकाच ओळीत लिहू का?"

"लिहा," मर्कादो म्हणाला. "दोघांची नावं शेजारी शेजारी लिहा."